चाचांचं भिजत घोंगडं

आष्ट्याला बदली झाली तेव्हा खोली बघायला म्हणून मी बाजारपेठेतल्या एका गादीवाल्याकडं गेलो. दुकानात कापसाचा धुरळा उडत होता आणि त्यात एक उंच, वाळका, मेंदीनं रंगवलेल्या दाढीचा माणूस मांडी घालून गादीला टाके घालत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "नोकरी कुठं?"

"विमा कंपनीत."

सुई थांबली. "माणसाचा इमा का मालाचा?"

"मालाचा. गाडी, दुकान, जनावर."

"जहाज?"

"आष्ट्यात जहाज कुठनं येणार?" मी हसलो.

तो हसला नाही. "येणार न्हाईच. बुडालं ते," असं म्हणून त्यानं भाडं न ठरवताच वरच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

सगळा गाव त्यांना चाचा म्हणायचा. समोर. पाठीमागं म्हणायचा 'बुडवे'. बुडव्यांची गादी, बुडव्यांचं दुकान, बुडव्यांच्या घराशेजारी. मला वाटलं, घराण्यात कुणीतरी कुणाचे तरी पैसे खाल्ले असतील. खाल्ले होते खरे, पण ज्यानं खाल्ले त्याचं नाव कुणीच बुडवे ठेवलं नव्हतं.

हकीकत अशी. पहिल्या महायुद्धात चाचांचे पणजोबा पलटणींना घोंगडी पुरवत. औंधच्या बाजूला सणगरांची घरं होती. काळ्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली, पाण्यालाही दाद न देणारी घोंगडी विणणारे हे लोक. पणजोबांनी त्यांच्याकडून उधारीवर माल उचलला. पुण्याच्या छावणीत गोऱ्या अधिकाऱ्यानं एकेक घोंगडं उलगडून बघितलं, ठप्पा मारला, माल ताब्यात घेतला. मुंबईहून तो इराकातल्या बसऱ्याला जाणाऱ्या जहाजात चढला आणि जहाज वाटेत बुडालं. पणजोबा पैसे मागायला गेले तर सरकार म्हणालं, माल बसऱ्याला उतरलेला नाही, सबब किंमत देणं लागत नाही.

पणजोबांनी कृष्णाकाठची जमीन विकली. जवळच्या लोकांची देणी भागली, औंधकडच्या सणगरांपर्यंत पैसा पुरला नाही. ते पणजोबा गेले, मग आजोबा, मग वडील. सरकारकडं केलेला पैशांचा अर्ज मात्र जिवंत राहिला. तो चाचांच्या वाट्याला आला.

मी माझ्या धंद्याच्या हिशेबानं विचार केला तेव्हा मला धक्का बसला, कारण चाचांची बाजू स्वच्छ होती. घेणाऱ्यानं माल तपासून, ठप्पा मारून, स्वतःच्या जहाजात चढवला, तिथं जोखीम घेणाऱ्याची झाली. हे आमच्या ऑफिसातला नवा पोरगाही सांगेल. मी तसं बोललो तेव्हा चाचा म्हणाले, "हे मला म्हाईत हाय, इमासाहेब. सरकारलाबी म्हाईत हाय. खोटं म्हनले आस्ते तर भांडलो आस्तो. खरं म्हन्तात आनि देत न्हाईत."

त्यांचा राग आरडाओरड्याचा नव्हता. रोजच्या वापरातला होता, चुलीतल्या निखाऱ्यासारखा राखेखाली जपलेला. सरकारी कचेरीत ते खुर्चीवर बसत नसत आणि तिथला चहा घेत नसत. घरपट्टी ते वेळेवर भरत, पण भरताना कारकुनाला दर वर्षी बजावत, "आमच्या येण्यातनं वळती करा म्हनून लिवा." कारकून मान हलवायचा आणि काही लिहायचा नाही. सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर ते इस्त्रीचा पायजमा घालून सगळ्यात पुढं उभे राहत, झेंड्याला ताठ सलाम करत. पेढा वाटायला सुरुवात झाली की निघून जात. मी विचारलं तर म्हणाले, "झेंड्याशी आपलं भांडान न्हाई. पेढा सरकारी असतो."

समुद्राची मासळी त्यांच्या घरात शिजत नसे. कृष्णेतला मासा चाले. आणि अर्जात ते शेवटी एक ओळ न चुकता घालत : 'व्याज नको.' त्यांच्या धर्मात व्याज घेणं निषिद्ध. शंभर वर्षांचं व्याज सोडणारा माणूस बघून एका साहेबानं त्यांना वेड्यात काढलं होतं.

चाची जाड चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. एकदा चहा देताना मला म्हणाल्या, "लगीन करून आले तवा आईनं इचारलं, सवत तर न्हाई न्हवं? म्या म्हन्लं न्हाई. हितं आल्यावर कळलं, हाय. समुद्राच्या तळाला बसलीया."

आपल्या रागाचं मूळ चाचांनीच मला एकदा सांगितलं, रजई टाचताना. तरुणपणी ते वडिलांबरोबर औंधच्या यमाईच्या यात्रेत रजया विकायला गेले होते. दुकान मांडलं. दुपारी एक म्हातारा आला, वडिलांकडं बराच वेळ बघत राहिला, मग त्यानं एक रजई उचलली, खांद्यावर टाकली आणि चालू लागला. पाठोपाठ दुसरा आला. मग एक बाई. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. एकेक जण रजई उचलायचा आणि म्हणायचा, "आज्याचं घोंगडं." चाचा अंगावर धावून गेले तर वडिलांनी त्यांचा दंड धरला. म्हणाले, "चोर न्हाईत रं ते. वसुलीला आलेत." दुकान रिकामं झालं. बापलेक मोकळी ताडपत्री गुंडाळून परतले.

"त्या दिशी मला त्या लोकान्चा राग आला न्हाई," चाचा म्हणाले, "बापाचाबी न्हाई. ज्यानं ह्या दोघान्ला एकमेकासमोर उभं केलं, त्याचा आला."

मी एकदा त्यांच्याबरोबर साताऱ्याच्या कचेरीत गेलो होतो. त्यांची तऱ्हा ठाऊक असल्यामुळं तिथला शिपाई आम्हाला बघून आतल्या बाईंना म्हणाला, "आलं बघा भिजत घोंगडं." दोघं हसली. ही म्हण आपण सगळेच वापरतो, रखडलेल्या कामाला. पण जिथं खरोखरची घोंगडी समुद्रात भिजत पडली आहेत त्या माणसासमोर ती ऐकताना माझी कानशिलं तापली. चाचा सरळ आतल्या दाराकडं चालू लागले. त्यांनी हे कितीदा ऐकलं असेल कोण जाणे.

आतले साहेब तरुण होते, सभ्य होते. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला, हे विशेष. मग म्हणाले, "चाचा, तुमचा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता, आता सांगलीत आहे. तुम्ही सांगलीला अर्ज करा."

"केलता. सांगली म्हन्ती, त्या टायमाचं दप्तर साताऱ्याला."

"शिवाय विणकर औंध संस्थानातले दिसतात. संस्थानांचे विषय वेगळे."

"घोंगड्याला संस्थान नसतं, साहेब. थंडी वाजली की ते पांघरायचं असतं."

"आणि मुळात हे इंग्रज सरकारचं देणं आहे."

"त्यान्लाबी लिवलंय. त्ये म्हन्तात, जाताना सगळं देनंघेनं तुमच्या सरकारकडं सोपवून आलोय."

साहेबांनी चष्मा काढला. खरोखरच्या सहानुभूतीनं ते म्हणाले, "मी तुमच्या भावना समजू शकतो."

"भावना न्हाईत, साहेब," चाचा उभ्या उभ्या म्हणाले. "घोंगडी."

अर्जावर शेरा पडला, नेहमीचाच : सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही. या वाक्याची मला पुढं चीड बसली. चाचांचं म्हणणं खोटं आहे, असं कुणीही कधीही लिहिलं नाही. तसं लिहिलं असतं तर निदान एक माणूस दुसऱ्या माणसाशी बोलला, असं झालं असतं.

मग तो सत्कार आला. महायुद्धात गेलेल्या जवानांच्या आठवणीत साताऱ्यात एका समितीनं कार्यक्रम ठेवला होता. आपल्याकडच्या कितीतरी गावांत, इथून इतके गडी लढाईला गेले आणि इतके परत आले नाहीत, अशी संगमरवरी पाटी चावडीवर बसवलेली असते. त्या जवानांच्या वारसांना बोलावलं होतं. कुणाला तरी चाचांची आठवण झाली आणि 'सैन्याला साहाय्य करणाऱ्या घराण्याचे वारस' म्हणून त्यांनाही निमंत्रण आलं. चाचांना वाटलं, कुठंतरी दाद लागली. त्यांनी शेरवानी काढली. मला रजा काढायला लावली.

सभागृह भरलेलं होतं. पुढच्या रांगांत फेटेवाले, छातीवर बिल्ले लावलेले निवृत्त फौजी. एकेका वारसाचं नाव पुकारलं जाई, व्यासपीठावरचे मोठे पाहुणे शाल पांघरत, नारळ देत, फोटो निघे. चाचांचं नाव आलं. ते वर गेले. पाहुण्यांनी शाल उलगडली. गुळगुळीत, चमकदार, गिरणीतली शाल. चाचांनी हात आडवा धरला.

"साहेब, ही कशाबद्दल?"

"सन्मान आहे, चाचा. देशाच्या वतीनं."

"हिशेबात धरनार का?"

पाहुण्यांना कळलं नाही. निवेदकानं माइक पुढं केला, बहुधा चाचा आभार मानणार आहेत असं वाटून. चाचांनी माइककडं बघितलं, मग लोकांकडं. आवाज चढवला नाही.

"शाल नगं मला. आमची घोंगडी तुमच्याकडं हायती. बसऱ्याला तुमचीच पोरं थंडीत मेली, त्यान्च्यासाठी विनलेली घोंगडी. त्यान्ची पाटी तरी लागली चावडीवर. ज्यान्नी विनली त्यान्ला शंभर वरसात कुनी इचारलं न्हाई की बाबा तुझं पैसं आलं का. ते आलं की मी ही शाल घेतो. आन् ते येत नसतील तर तसं सांगा. बुडवलं म्हना. आमच्या घरावरचं नाव काढा आन् तुमच्या दारावर लावा."

कुणी टाळी वाजवली नाही. माइक बंद झाला. दोन स्वयंसेवकांनी चाचांना दंडाला धरून पायऱ्यांवरून खाली आणलं, फार अदबीनं, अंगावर हात टाकल्यासारखं दिसणार नाही अशा बेतानं. दुसऱ्या दिवशी एका पेपरात कोपऱ्यात बातमी होती : कार्यक्रमात वृद्धाचा गोंधळ, मानसिक संतुलन बिघडल्याची चर्चा. चर्चा कुणी केली ते लिहिलं नव्हतं. मला आजही ती बातमी आठवली की घास गोड लागत नाही. त्या सभागृहात शुद्धीवर असलेला एकच माणूस बोलला होता आणि त्यालाच वेडा ठरवून सगळे जेवायला गेले.

पण खरी गोष्ट सभागृहाबाहेर घडली. आम्ही चपला घालत होतो तेव्हा एक फेटेवाला, भरदार मिशांचा माणूस समोर येऊन उभा राहिला. निवृत्त सुभेदार. औंधजवळच्या एका गावचा. म्हणाला, "लय चांगलं बोलला. टाळी वाजवनार हुतो, पर हात उचलला न्हाई."

"का ओ?" चाचांनी विचारलं.

"आमी सणगर. माझ्या पनज्यानं विनलेली घोंगडी व्हती त्या जहाजात. तुमी सरकारला इचारता ते बरोबर हाय. आमी कुनाला इचारायचं?"

चाचांचा चेहरा आवळला. "आवं, जहाज बुडालं. त्यात माझा काय संबंध?"

वाक्य तोंडातून गेलं आणि ते थांबले. मीही थांबलो. हेच वाक्य आम्ही साताऱ्याला ऐकलं होतं, चाचांनी सांगलीला ऐकलं होतं, टाइप केलेलं वाचलं होतं.  सुभेदारांनी रामराम केला आणि ते गर्दीत मिसळले. एसटीत चाचा खिडकीशी बसले. कराड गेलं, पेठ नाका गेला. आष्ट्याला उतरताना एवढंच म्हणाले, "इमासाहेब, मीबी साहेब झालो की हो."

महिन्याभरात त्यांनी दुकानामागची मोकळी जागा विकायला काढली. पुण्याला असलेल्या मुलानं तिथं कापूस पिंजायचं यंत्र बसवायचं ठरवलं होतं. तो धावत आला. घरात मोठा वाद झाला. पणजोबांचं देणं पणतूनं फेडायचं, हा कुठला कायदा, असं तो विचारत होता, आणि कायद्यानं त्याचंच बरोबर होतं. तेवढ्यात आतून चाची आल्या. मला वाटलं, आता चाचांचं काही खरं नाही. त्या मुलाला म्हणाल्या, "इकू दे. एवढी वर्सं सवतीसंगं काढली, आता तिची माती तरी हूं दे."

देणं कसं मोजायचं हा प्रश्न होता. शंभर वर्षांपूर्वीच्या भावानं पैसे दिले तर एका घराला चहाचेही आले नसते. चाचांनी सुभेदारांना गाठलं. सुभेदार सरळ म्हणाले, "व्याज धरा की."

चाचांची कळी इतक्या दिवसांनी खुलली. "शाबास. पयला मानूस भेटला ज्येला जुन्या पैशाचं मोल समजलं. पर व्याज मी घेत न्हाई, देतबी न्हाई. एका घोंगड्याला एक घोंगडं. आज बाजारात सणगराच्या हातच्या घोंगड्याला जो भाव हाय, तो देनार. मान्य?"

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "मान्य."

कुणाची किती घोंगडी होती हे त्या घरांनाच माहीत. लेकी-सुनांना सांगत सांगत ते आकडे टिकले होते. आम्ही सुभेदारांच्या जीपमधून गावोगाव हिंडलो. चाचा प्रत्येक घरात विचारत, "तुमची किती?" घरवाला सांगे, चाचा तितके पैसे मोजून देत. माझ्यातला विमावाला गप्प बसेना. मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "चाचा, हे काहीही सांगतील. काहीतरी पुरावा मागा."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी वरमलो. "पुरावा मागायचं काम सरकारचं. मी सरकार हाय का?"

काहींनी फुगवून सांगितलंच असणार. एका घरी एका जाडजूड गड्यानं मोठा आकडा सांगितला. चाचा पैसे काढू लागले. सोप्यात बाजल्यावर पडलेली त्याची आजी उठून बसली आणि म्हणाली, "निम्मं सांग, मुडद्या. निम्मीच व्हती. माझी सासू मरस्तवर तेवढीच सांगायची." गड्यानं मान खाली घातली. चाचांनी निम्मे दिले आणि त्या म्हातारीच्या पाया पडले.

एका घरानं पैसे घेतले नाहीत. दारातच उभं केलं. घरमालक म्हणाला, "आमच्या आज्यानं माग इकला तुमच्या पनज्यापायी. मुंबईला हमाली करत मेला. त्याचं घोंगडं आन् त्याचा माग, दोनीची किंमत द्या, मग या." चाचा पैसे खिशात ठेवून माघारी फिरले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "ह्यो बरोबर बोलला. ह्येचं कुठनं देऊ?" ते देणं राहिलं. त्यांना त्याची शेवटपर्यंत टोचणी होती.

आणि हे सगळं संपल्यावर त्यांनी काय केलं? नवा अर्ज. मी कपाळाला हात लावला. ते म्हणाले, "आता तर लयच करायचा. इतके दिस मी निम्मा देनेकरी, निम्मा घेनेकरी. तोंड उघडताना आवाज बसायचा. आता मी निस्ता घेनेकरी." अर्जावर तोच शेरा आला. त्यांनी तो वाचला आणि पूर्वीइतकेच संतापले. देणी फेडल्यावर माणूस निवळतो, असं मला वाटत होतं. ते निवळले नाहीत, आणि का निवळावं? चूक करणाऱ्यानं काही केलंच नव्हतं. सोसणाऱ्यानं आपली जागा विकून आपल्यासारख्याच सोसणाऱ्याला भरपाई दिली होती, एवढंच. याला लोक मोठेपणा म्हणतात. मला त्याचा राग येतो. मोठेपणा करायची पाळी नेहमी लहान माणसांवरच का यावी?

पुढं माझी सोलापूरला बदली झाली. चाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी रातोरात निघालो. सकाळी दफनाची तयारी झाली होती. त्यांच्यात एक रीत आहे, मला ती तोवर माहीत नव्हती. नमाजाच्या आधी घरच्यांनी सगळ्यांसमोर विचारायचं असतं की मयताचं कुणाचं काही देणं राहिलं असेल तर सांगा, आम्ही फेडू, किंवा माफ करा.

मुलानं विचारलं.  मैदानाच्या कडेला, नमाजाच्या रांगांच्या बाहेर, सुभेदार उभे होते आणि त्यांच्यामागं औंधकडची बरीच माणसं. जीप भरून आली होती. ज्यानं दारातून परत पाठवलं होतं तोही त्यांत होता. सुभेदार पुढं झाले. टोपी घातलेल्या त्या गर्दीत त्यांचा फेटा तेवढा दिसत होता.

"आमचं काय न्हाई," ते म्हणाले. मग मागं वळून त्या घरमालकाकडं बघितलं. तो सुभेदारांच्या शेजारी येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "माझंबी न्हाई."

मौलवींनी मान हलवली आणि रांग लावायला सांगितली. सुभेदार मात्र जागचे हलले नाहीत.

"पर ह्येन्चं येनं हाय," ते म्हणाले. "ते कुनी इचारायचं?"

 मौलवींनी मुलाकडं बघितलं, मुलानं माझ्याकडं. मयताचं देणं विचारायची रीत आहे, येणं विचारायची नाही.  मग नमाज सुरू झाला.